फुल-आर्च इम्प्लांट शस्त्रक्रियेतले डिजिटल स्कॅन: कोणता, कधी आणि कशाच्या आधाराने

पूर्ण जबड्यात चार ते सहा इम्प्लांट (हाडात बसणारी कृत्रिम मुळे) बसवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी स्क्रूने बसणारे तात्पुरते दात द्यायचे असतील, तर लॅबला तीन गोष्टी कळाव्या लागतात. इम्प्लांट नेमके कुठे आणि कोणत्या कोनात आहेत, हिरडीचा आकार आता कसा आहे, आणि दात कुठे असायला हवेत. पहिल्या दोन गोष्टी शस्त्रक्रियेनंतरच टिपता येतात. तिसरी मात्र शस्त्रक्रियेआधीच्या तोंडात असते, आणि दात काढून हाड कमी केले की ती कायमची जाते. म्हणून इथे एका स्कॅनवर भागत नाही. चार-पाच स्कॅन घेऊन ते सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांवर बसवावे लागतात.

केस बिघडते ती क्वचितच एखादा स्कॅन अस्पष्ट आल्यामुळे. प्रत्येक स्कॅन आपापल्या जागी सुरेख असतो, पण दोन स्कॅनांमध्ये सारखे आणि मधल्या काळात न हललेले असे काहीच नसते. मग लॅबमधला डिझायनर सुजलेल्या हिरडीवर हिरडी बसवून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज पेशंटच्या चाव्यात उतरतो.

आधी साखळी कागदावर मांडा

पहिला स्कॅन भूल देण्याआधीचा: दात किंवा कवळी, समोरचा जबडा आणि चावा. दुसरा मार्कर स्क्रू (जुळणीची खूण म्हणून हाडात लावायचे छोटे स्क्रू) बसवल्यावर, पण दात अजून जागेवर असताना. तिसरा इम्प्लांट, मल्टी-युनिट अबटमेंट (इम्प्लांटवर बसणारा, ज्यावर दात टेकतात तो जोडभाग; पुढे एमयूए) आणि टाके झाल्यावर हिरडीचा, ज्यात तेच मार्कर आणि एमयूएवरच्या कॅप दिसतात. चौथा फक्त इम्प्लांटच्या स्थितीचा, फोटोग्रामेट्रीने (तोंडाबाहेरच्या कॅमेऱ्याने मोजून) किंवा स्कॅन बॉडी (एमयूएवर बसवायचे ओळखीच्या आकाराचे ठोकळे) लावून तोंडातल्या स्कॅनरने.

पहिला आणि दुसरा दातांवरून जुळतात, दुसरा आणि तिसरा मार्करवरून, तिसरा आणि चौथा कॅपवरून किंवा एमयूएच्या कडांवरून. केस सुरू होण्याआधी प्रत्येक जोडीसमोर 'हे दोन कशावरून जुळणार?' याचे उत्तर लिहून ठेवा. उत्तर 'हिरडीवरून' असे आले, तर आखणी बदला. फ्लॅप (हाडावरून सोडवलेला हिरडीचा पडदा) उचलून परत शिवलेली हिरडी आधीच्या जागी नसते.

शस्त्रक्रियेआधीची तयारी

स्कॅनरचे कॅलिब्रेशन शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी करा, आणि स्कॅनर गाडीवरून दुसऱ्या खोलीत हलवला असेल तर तिथे पोहोचल्यावर करा. किमान दोन टिप (स्कॅनरची तोंडात जाणारी, आरसा असलेली टोके) ऑटोक्लेव्ह करून ठेवा. रक्ताचा थेंब आरशावर आला की पुसत बसण्यापेक्षा टिप बदलणे जलद. स्कॅनरच्या बॉडीला निर्जंतुक आवरण घाला.

लॅबशी दोन गोष्टी लेखी ठरवा: एमयूए कोणत्या कंपनीचा व कोणत्या प्लॅटफॉर्मचा, आणि स्कॅन बॉडीची कोणती लायब्ररी (सॉफ्टवेअरमधला तिच्या आकारांचा साठा) वापरायची. दोन कंपन्यांच्या स्कॅन बॉडी डोळ्यांना हुबेहूब दिसू शकतात, पण त्यांच्या उंचीत फरक असतो. चुकीची लायब्ररी निवडली तर सॉफ्टवेअर तक्रार न करता जुळवून दाखवते आणि दात एमयूएवर टेकतच नाहीत. प्रोस्थेटिक स्क्रूबद्दलही हेच. दात थेट एमयूएवर बसणार की मध्ये टायटॅनियमची बेस येणार, यावर स्क्रूचा प्रकार ठरतो आणि तो डिझाइनआधी माहीत असावा लागतो.

स्कॅन बॉडी मोजून ठेवा आणि एक-दोन जास्त घ्या. पीक (PEEK) या प्लास्टिकच्या स्कॅन बॉडी वारंवार ऑटोक्लेव्ह केल्या आणि घट्ट पिळल्या की त्यांचा तळ झिजतो, म्हणून त्यांच्या वापराची नोंद ठेवा. ओपन-ट्रे कोपिंग, जोडण्याचे रेझिन आणि तात्पुरते सिलिंडरही टेबलावर असू द्यात. डिजिटल मार्ग अडला तर कोपिंग एकमेकांना जोडून (स्प्लिंट करून) घेतलेले पारंपरिक माप किंवा कवळीचा पिकअप (कवळी तोंडातच सिलिंडरना जोडणे) याच वस्तूंवर होतो.

पहिला स्कॅन: पेशंट जागा, बसलेला, भूल न दिलेला

चावा आत्ताच घ्यायचा आहे. आडव्या झोपलेल्या पेशंटचा खालचा जबडा मागे जातो, सिडेशनमध्ये तो नीट चावतच नाही, आणि सुन्न झालेल्या माणसाला आपण कुठे चावतो आहोत ते कळत नाही. खुर्ची सरळ ठेवा. चावा दोन्ही बाजूंनी टिपा.

दात पेरिओमुळे (हिरडी-हाडाच्या आजारामुळे) हलत असतील तर चावताना ते सरकतात आणि बाजूच्या स्कॅनवर वरचे-खालचे दात एकमेकांत घुसलेले दिसतात. अशा वेळी ठरवलेल्या उंचीवर सिलिकॉनचा चावा घेऊन, तो तोंडात असतानाच मोकळ्या राहिलेल्या बाजूंवरून स्कॅन करा. उंची वाढवायची असेल तर ती इथेच वाढवा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये उंची वाढवता येते, पण जबडा ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू सॉफ्टवेअरने गृहीत धरलेला असतो, त्यामुळे मागच्या दातांचा संपर्क चुकतो.

पेशंट कवळी वापरत असेल तर ती आधी स्थिर करा. ढिली कवळी तोंडात स्कॅन करणे निरर्थक आहे, कारण ती चावताना एकीकडे आणि स्कॅनरच्या टिपने ढकलल्यावर दुसरीकडे जाते. आतून रिलाइन मटेरियल घालून बसवा, तोंडात चाव्यासह स्कॅन करा, मग बाहेर काढून सगळ्या बाजूंनी स्कॅन करा. कवळीची आतली बाजू म्हणजे हिरडीचा नैसर्गिक, न सुजलेला आकार. हा आकार पुढे दातांचा तळ ठरवताना फार उपयोगी पडतो.

सोबत फोटो घ्या: मोठे हसू, ओठ ताणून, ओठ सैल ठेवून, बाजूने.

मार्कर स्क्रू: इथे घाई नको

भूल दिल्यावर मार्कर बसवा. व्यास १.५ ते २ मिमी, लांबी ८ ते १० मिमी, स्वतः छेद करत जाणारे स्क्रू पुरतात. डोके हिरडीच्या वर २–३ मिमी राहिले पाहिजे. सुरुवातीला हिरडीला टेकलेले डोके तासा-दोन तासांत सुजेखाली बुडते आणि तिसऱ्या स्कॅनमध्ये नुसता खळगा दिसतो.

किमान तीन लागतात. चार लावा, म्हणजे एक हलला तरी काम चालते. ते एका रेषेत नकोत. तीन स्क्रू एका रेषेत असतील तर स्कॅन त्या रेषेभोवती फिरू शकतो आणि सॉफ्टवेअरला ते कळत नाही. जवळजवळही नकोत. दोन मार्कर एकमेकांपासून १० मिमीवर असतील आणि जुळवताना त्यांच्यात ०.१ मिमीची चूक राहिली, तर ५० मिमी लांबच्या दाढेपाशी तीच चूक ०.५ मिमी होते. चाव्यात अर्धा मिलिमीटर म्हणजे एका बाजूला दात टेकतात आणि दुसऱ्या बाजूला कागद आरपार जातो.

वरच्या जबड्यात हे सोपे आहे. टाळूवर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि शक्य असेल तर दोन्ही ट्युबरोसिटीवर (वरच्या जबड्याच्या मागच्या टोकांच्या उंचवट्यांवर) एकेक. टाळूवर मध्यरेषेजवळच राहा, कारण बाजूला दात धरणारे (अल्व्हिओलर) हाड आणि टाळू मिळतात तिथून ग्रेटर पॅलाटाइन रक्तवाहिनी जाते. टाळूच्या बाजूचा फ्लॅप मार्करपर्यंत उचलायचा नाही, ही सूचना सहाय्यकालाही माहीत हवी. टाळूवरच्या वळ्या आधार म्हणून चालतील असे काहींना वाटते. पण भुलेचे इंजेक्शन टाळूत गेले की त्या फुगतात. जुळणी तपासायला त्या वापरा, जुळवायला नको.

खालचा जबडा कठीण. तिथे टाळू नाही, बाजूची हिरडी फ्लॅपसोबत उचलली जाते आणि याच जबड्याच्या कडेवरचे हाड कापले जाते. दोन मार्कर मागे, शेवटच्या छेदाच्याही पलीकडे, रेट्रोमोलर (शेवटच्या दाढेमागच्या) भागाजवळ. एक किंवा दोन पुढे, हाड जिथपर्यंत कमी करायचे त्या रेषेच्या खाली आणि मेंटल फोरामेनपासून (खालच्या जबड्यातून नस बाहेर येते त्या छिद्रापासून) लांब. पुढचे मार्कर शिवल्यावर फ्लॅपखाली जाणार असतील तर लांब मानेचे स्क्रू घ्या आणि फ्लॅपला बारीक छिद्र करून डोके बाहेर काढा. दुसरा मार्ग असा की घट्ट असलेले दोन-तीन दात मुद्दाम शेवटपर्यंत ठेवायचे, तिसरा स्कॅन झाल्यावर काढायचे. दात खरोखर न हलणारे असतील तरच हा मार्ग घ्या.

प्रत्येक जागा सीबीसीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनवर) तपासा: मुळे, सायनस आणि येणाऱ्या इम्प्लांटची वाट टाळली आहे ना? बसवल्यावर प्रत्येक स्क्रू चिमट्याने हलवून पाहा. किंचितही हलला तर काढून दुसरीकडे लावा.

आता दुसरा स्कॅन: सगळे दात, टाळू आणि मार्कर एकाच फेरीत. स्क्रूच्या डोक्याभोवती टिप फिरवून त्याची कड चारही बाजूंनी भरा. बऱ्याच स्कॅनरमध्ये हलणारे ऊतक आपोआप पुसण्याची सोय असते. ती जीभ आणि गाल काढता काढता मार्करही काढून टाकते, म्हणून ती बंद ठेवा. छिद्रे आपोआप भरण्याची सोयसुद्धा बंद ठेवा. जिथे माहिती नाही तिथे छिद्र दिसणेच बरे.

दोन्ही जबड्यांची शस्त्रक्रिया एकाच दिवशी असेल तर दोन्हींचे मार्कर आधी लावा आणि दोन्हींचे मार्करसह स्कॅन दात काढण्याआधीच पूर्ण करा. एक जबडा उरकल्यावर दुसऱ्याकडे वळलात, तर दुसऱ्याला टेकायला पहिल्यात काही उरत नाही.

एमयूए बसवणे: चौथ्या स्कॅनची अचूकता इथे ठरते

इम्प्लांट साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक टॉर्कने बसले असतील तरच लगेच भार देण्याचा विचार करतात. मागचे तिरके इम्प्लांट असतील तर १७ किंवा ३० अंशांचे एमयूए लागतात. इम्प्लांटच्या कडेला उंच राहिलेले हाड एमयूएला पूर्ण बसू देत नाही. बोन मिलने (हाड छिलणाऱ्या अवजाराने) ते काढा आणि एक्स-रेवर सांधा बंद झाल्याची खात्री करा. मग कंपनीने सांगितलेला अंतिम टॉर्क द्या. अनेक प्रणालींमध्ये सरळ एमयूएला ३५ आणि तिरक्याला १५ न्यूटन-सेंटिमीटर असतो. हा टॉर्क स्कॅनच्या आधी द्यायचा. स्कॅननंतर 'थोडा घट्ट करून घेऊ' म्हणून हात लावला, तर टिपलेली स्थिती जुनी झाली.

एमयूएची उंची अशी निवडा की शिवल्यावर त्याची कड हिरडीच्या बरोबरीला किंवा किंचित वर राहील. कड बुडाली की कॅप काढताच हिरडी आत कोसळते आणि स्कॅन बॉडीखाली अडकते.

याच टप्प्यावर हाड पुरेसे कमी झाले आहे का तेही मोजा. हिरडीसकट पूर्ण कमानीच्या दातांना समोरच्या दातांपासून साधारण १५ मिमी जागा लागते. जागा कमी आहे हे डिझाइन करताना कळले तर फार उशीर झालेला असतो.

तिसरा स्कॅन: शिवलेली हिरडी

टाके पूर्ण करा आणि त्यांची टोके आखूड कापा. लांब टोके हलतात आणि स्कॅनमध्ये धुरकट गोळे होतात. सलाइनने धुवून ओल्या गॉझने काही मिनिटे सलग दाब द्या. चमकणारे रक्त प्रकाश परावर्तित करते, आणि साचलेले रक्त स्कॅनरला हिरडीच वाटते. स्क्रीनवर जिथे गुळगुळीत, सपाट तळे दिसते तिथे बहुधा रक्त असते; तेवढा भाग पुसून, कापून पुन्हा घ्या. उघड्या जखमेत स्कॅनिंग पावडर फवारू नका.

शस्त्रक्रियेचा दिवा तोंडावरून बाजूला करा. एकाने स्कॅन करायचा, दुसऱ्याने सक्शन आणि गाल-ओठ सांभाळायचे, आणि पडद्यावर नजर ठेवायला तिसरा असेल तर उत्तम. टिप सुरू करण्याआधी गरम होऊ द्या, नाहीतर आरशावर वाफ धरते.

स्कॅनमध्ये काय हवे: संपूर्ण कमान, प्रत्येक एमयूएवरची कॅप सगळ्या बाजूंनी, आणि सगळे मार्कर. साध्या हीलिंग कॅप गुळगुळीत गोल असतात, त्यामुळे त्या कोणत्या दिशेला वळल्या आहेत ते कळत नाही. फोटोग्रामेट्री प्रणालीसोबत येणाऱ्या स्कॅन करता येण्याजोग्या कॅप मिळत असतील तर त्याच वापरा. त्यांचा आकार लायब्ररीत असतो आणि चौथ्या स्कॅनशी जोडणी थेट होते.

चौथा स्कॅन: इम्प्लांट नेमके कुठे आहेत

तोंडातला स्कॅनर एका वेळी छोटासा तुकडा पाहतो आणि शेजारच्या तुकड्याशी जोडत पुढे जातो. दात असलेल्या तोंडात प्रत्येक तुकड्यात वेगळी ओळख असते. शिवलेल्या, ओल्या, एकसारख्या हिरडीवर ती नसते, म्हणून जोडणीतली बारीक चूक साठत जाते आणि कमानीच्या दुसऱ्या टोकाला सर्वांत जास्त होते. एका बाजूच्या तीन इम्प्लांटसाठी खपून जाणारी गोष्ट पूर्ण कमानीत दातांच्या फिटिंगवर येते. ते तणाव न देता बसावेत यासाठी मायक्रॉनमध्ये विचार करावा लागतो.

त्यामुळे पहिली पसंती फोटोग्रामेट्रीला. तोंडाबाहेर धरलेला कॅमेरा ठिपक्यांचे संकेत असलेल्या स्कॅन बॉडी एकाच वेळी पाहतो आणि त्यांच्यातले अंतर व कोन थेट मोजतो. तुकडे जोडण्याचा प्रश्न उरत नाही. आयकॅम फोरडी आणि पिक या प्रणाली याच तत्त्वावर चालतात. ठिपक्यांवर रक्त किंवा लाळ नको, आणि दोन स्कॅन बॉडी कॅमेऱ्याच्या नजरेत एकमेकींमागे लपायला नकोत. मोजणी दोनदा करा आणि दोन्ही फाइल एकमेकांवर ठेवून फरक पाहा. फरक दिसला तर एखादी स्कॅन बॉडी ढिली आहे असे समजा. फोटोग्रामेट्रीला हिरडी दिसत नाही, म्हणूनच तिसरा स्कॅन अनिवार्य ठरतो.

फोटोग्रामेट्री नसेल तर आडव्या हातांच्या स्कॅन बॉडी वापरा. त्यांचे हात दोन इम्प्लांटमधली मोकळी जागा भरतात आणि तोंडातल्या स्कॅनरला जोडणीसाठी सलग ओळख मिळते. हात एकमेकांना आणि हिरडीला टेकू देऊ नका. उभ्या, साध्या स्कॅन बॉडींवर पूर्ण कमान टिपणे हा शेवटचा पर्याय. तसे करायचे झाल्यास एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकाच दिशेने, सारख्या वेगाने जा. प्रत्येक स्कॅन बॉडीभोवती नागमोडी फिरवा आणि आधी घेतलेल्या भागावरून पुन्हा पुन्हा जाऊ नका. जास्त प्रतिमा म्हणजे जास्त अचूकता असे इथे होत नाही.

कोणतीही पद्धत असो, स्कॅन बॉडी बसवणे हा सर्वांत नाजूक क्षण. कॅप एकावेळी एकच काढा, एमयूए धुवा, वाळवा, स्कॅन बॉडी बसवा, मग पुढची. एमयूएची बैठक साधारण ५ मिमी रुंद असते. तिच्या एका कडेखाली टाक्याचा धागा किंवा गुठळी अडकून फक्त ०.०५ मिमी फट राहिली, तरी १० मिमी उंच स्कॅन बॉडीचे टोक ०.१ मिमी कलते. हाताने किंवा कंपनीच्या सूचनेनुसार हलक्या टॉर्कने घट्ट करा. पीक जास्त पिळल्याने चेपते. शंका वाटली तर एक्स-रे घ्या.

खालच्या जबड्यात पेशंटचे तोंड गरजेपुरतेच उघडा. जबडा पूर्ण ताणला की हाड मधून किंचित वाकते आणि मागच्या इम्प्लांटमधले अंतर कमी होते.

पेशंट खुर्चीत असतानाच तपासणी

टोकाच्या दोन स्कॅन बॉडींमधले अंतर निर्जंतुक कॅलिपरने तोंडात मोजा आणि सॉफ्टवेअरमधल्या अंतराशी ताडून पाहा. कॅलिपर मायक्रॉन दाखवत नाही, पण मोठी चूक लगेच उघडी पडते. पडद्यावर दुहेरी कडा, पायऱ्या किंवा सावलीसारखा दुसरा थर दिसला तर तो भाग पुन्हा घ्या.

फाइल काटछाट न करता पाठवा. एसटीएल प्रकारच्या फाइलमध्ये रंग नसतो. हिरडी आणि रक्त ओळखायला लॅबला पीएलवायही द्या. नावात जबडा आणि क्रम लिहा: 'वर-२-दात-मार्कर', 'वर-३-हिरडी-कॅप'. 'फायनल' आणि 'फायनल नवीन' अशा नावांनी लॅबमध्ये हमखास गोंधळ होतो.

लॅबने चारही स्कॅन जुळवून 'जुळले' असे कळवेपर्यंत मार्कर काढू नका. हे काम थोडक्या वेळात होते. मार्कर आधीच काढले असतील तर स्कॅन पुन्हा घेऊन उपयोग नाही. दात बसवून चावा तपासेपर्यंत ते ठेवता आले तर अधिक चांगले.

दात आल्यावर चूक कोणत्या दुव्यात आहे ते ओळखणे

एका टोकाचा एकच स्क्रू घट्ट करा आणि दुसऱ्या टोकाकडे पाहा. तिथे दात उचलला गेला किंवा एक्स-रेत फट दिसली, तर फिटिंग ताणाचे आहे. प्रत्येक स्क्रू पहिला अडथळा जाणवल्यानंतर अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरत असेल, तरी तेच समजा. हा दोष चौथ्या स्कॅनचा किंवा लायब्ररीचा. सगळ्याच जागी सारखी फट असेल तर आधी लायब्ररी तपासा, एकाच जागी असेल तर ती स्कॅन बॉडी. अशा वेळी स्क्रू पिळून दात खाली ओढू नका. जिथे बसत नाही तिथला सिलिंडर कापून मोकळा करा, तोंडातच रेझिनने जोडा आणि नवे स्कॅन घ्या.

फिटिंग ताणाशिवाय नीट आहे पण चावा उघडा किंवा मध्यरेषा सरकलेली असेल, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या स्कॅनमधला मार्करचा दुवा तुटला आहे. चावा घासून थोडीफार दुरुस्ती होते. फरक १ मिमीच्या पुढे असेल तर दात त्याच एमयूएवर ठेवून नवा चावा घ्या आणि पुन्हा प्रिंट करा, कारण इम्प्लांटची माहिती अजून बरोबरच आहे. फिटिंग आणि चावा दोन्ही ठीक, पण हिरडी पांढरी पडते आहे, असे असेल तर तिसरा स्कॅन सूज येण्याआधीचा होता किंवा दाताचा तळ हिरडीला फारच चिकटवून काढला आहे. तळ घासून गुळगुळीत, बाहेर फुगीर करा. पांढरेपणा काही मिनिटांत गेला नाही तर आणखी घासा.